कंसातला शब्द

माझं काम कंस घालायचं.
ज्या शब्दावर एकमत नाही
त्याच्या दोन्ही अंगांना चौकोनी भिंती उभारायच्या
आणि मसुदा परत छापायला टाकायचा.
नेवऱ्याच्या पुंडलीक आगशीकरांची मी मुलगी,
टायपिंगची परीक्षा पणजीत दिलेली,
आणि आता बावीस देशांचं भांडण
माझ्या बोटांत.

बैठक कांपालच्या हॉटेलात, तिसऱ्या मजल्यावर.
खाली मांडवीच्या काठाला अष्टमीची फेरी भरलेली:
पाट, पोळपाट, काचेच्या बरण्या, खाज्यांचे ढीग,
वर निळं प्लास्टिक.
सर येऊन गेली की विक्रेते काठीनं ढोसून
त्यात साचलेलं पाणी उडवत.
वर आम्ही, विषारी वायूचे जुने साठे
कुणी जाळायचे, कधीपर्यंत, कुणाच्या खर्चानं.

मसुद्यात आठ कलमं होती.
पहिलं 'अनुषंगाने'वर गेलं.
दुसरं एका स्वल्पविरामावर.
तिसऱ्याला कुणीच विरोध केला नाही,
ते चहाच्या सुट्टीत नाहीसं झालं.
मग मी मोजायचं सोडलं.
आठवं उरलं:
वायूनं भाजलेल्यांना औषधोपचार ताबडतोब पुरवावेत.
'ताबडतोब' माझ्या कंसात.

निरीक्षकांच्या रांगेत शेवटी हेमीन.
मत नाही, फक्त खुर्ची.
नावाच्या पाटीशेजारी दम्याचा पंप.
दर सात-आठ मिनिटांनी त्यांना ढास लागायची,
दुभाषे तेवढ्यापुरते थांबायचे.
सहा भाषा होत्या तिथं, खोकला एकीतही गेला नाही.
इतिवृत्तात लिहू का, मी विचारलं.
नको म्हणाले वरचे.

दुसऱ्या दिवशी जेवणात कायताननं
पाहुण्यांसमोरच लसणीची फोडणी दिली, हौसेनं.
हेमीन ताट ठेवून गॅलरीत गेले.
मी पाणी घेऊन मागोमाग.
"असाच वास होता. मी नऊ वर्षांचा.
आईला वाटलं, शेजारी कुणी स्वयंपाक करतंय."

त्या रात्री घरी भातात मीठ घालताना हात थांबला.
बाबांचं मिठागर, उन्हात डोळे दिपवणाऱ्या राशी,
आम्ही पोरं त्यावर झावळ्या घालायचो.
क्लोरीन यातूनच काढतात
हे मला परिशिष्ट टाइप करताना कळलं.
बाबांना सांगितलं नाही.
मिठाचा काय दोष?
घातलंच. अळणी कोण जेवणार.

शेवटची रात्र अष्टमीची.
एक म्हणाला, "शक्य तितक्या लवकर".
दुसरा म्हणाला, "योग्य वेळी".
योग्य वेळी म्हणजे तेराव्याला का, हे मी ओठांत गिळलं.
बाराला खालून घंटा, शंख, बायकांचा पाळणा.
अध्यक्षबाईंनी चष्मा काढला: हे काय?
"मूल जन्मलंय," मी म्हटलं. "तुरुंगात.
आधीची मामानं मारली."
"मामाचं नाव?"
"कंस." आणि पडद्यावरच्या चौकोनी भिंतींकडे बोट केलं:
"आमच्या भाषेत यालाही तेच म्हणतात."
एकटे हेमीन हसले, आणि ढास लागली.
त्यानं काही घडलं असं मी म्हणत नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी तडजोड झाली.
'ताबडतोब' कलमातून उचललं,
पूर आलेल्या नदीपलीकडे नेऊन ठेवावं तसं
परिशिष्ट तीन, परिच्छेद चौदा,
तिथल्या तळटिपेत ठेवलं.
त्याच्या जागी 'यथावकाश' आणून निजवलं.
टाळ्या वाजल्या.
मी शेवटचा कंस पुसला.

हेमीननी तळटीप दाखवायला सांगितली.
भिंगातून पाहावं एवढी अक्षरं.
"हे वाढतं का?" त्यांनी विचारलं.
मला उत्तर येत नव्हतं.
पंप हलवून पाहिला त्यांनी. रिकामा.

कायतान टेबलं पुसत होता.
त्याला कलम ठाऊक नाही, परिशिष्ट ठाऊक नाही.
रिकामा पंप खिशात घातला, रेनकोट न घालता
स्कूटरला किक मारून गेला
इस्पितळाजवळचं औषधांचं दुकान उठवायला.
अर्ध्या तासात परत. निथळत.
एका हातात पंप,
दुसऱ्यात, कुणी मागितलं नव्हतं तरी,
खाज्यांचा भिजलेला पुडा.